योगोपचाराचा संकल्प आणि तीन पौर्णिमांची आखणी



दत्तमहाराजांना आपण योगिराज म्हणतो, अवधूत म्हणतो. पण त्यांच्या नावावर योगाचा एक स्वतंत्र ग्रंथ आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. ‘दत्तात्रेययोगशास्त्र’ हा तो ग्रंथ. सांकृती मुनींनी विचारावे आणि दत्तात्रेयांनी सांगावे अशी त्याची मांडणी आहे. अभ्यासक तो साधारण तेराव्या शतकातला मानतात. त्यात एक गोष्ट अशी आहे की माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्याला ती वाचून हुरूप यावा. तरुण असो, म्हातारा असो की आजारी असो, आळस न करता हळूहळू अभ्यास करील त्याला योग साधतो, असे तिथे सांगितले आहे. आणि नुसत्या वेषाने किंवा योगाच्या गप्पा मारून काही हाती लागत नाही, हेही तिथेच सांगून टाकले आहे.

या ‘हळूहळू’चे करायचे काय, याबद्दल हा लेख आहे. आजारपणात किंवा उतारवयात औषधाच्या जोडीला योग करायचा ठरवला, तर ध्येय कसे ठरवावे आणि आखणी कशी करावी, एवढाच विषय. मी डॉक्टर नाही, योगाचार्य तर नाहीच नाही. बँकेत चौतीस वर्षे क्लार्क म्हणून काढली, निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. माझी कंबर आणि सौ.चे गुडघे यांच्यामुळे आमच्या घरात योगोपचार आला. आमचे डॉक्टर आणि योगोपचाराच्या आमच्या शिक्षिका यांच्याकडून जे समजले आणि वहीत टिपून ठेवले, त्यातले इतरांना उपयोगी पडेल तेवढे येथे देत आहे.

आधी एक फरक लक्षात घ्यावा. बागेत सकाळी साठ माणसे एकाच वेळी एकच आसन करतात तो योगवर्ग. तो चांगलाच आहे, सकाळी माणसे भेटतात, हसतात, अंग मोकळे होते. योगोपचारात मात्र क्रम उलटा असतो. आधी माणूस पाहायचा, मग त्याचा आजार, मग त्याचे दिवसभराचे बसणे-उठणे, आणि सर्वांत शेवटी आसन. ही विचाराची रीत आपल्या महाराष्ट्रातच वाढली, याचा मला अभिमान वाटतो. १९१८ साली श्रीयोगेंद्रजींनी मुंबईत योग इन्स्टिट्यूट काढली. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसनाने आणि प्राणायामाने शरीरात नेमके काय होते, हे ते प्रयोगशाळेत मोजून पाहत. पुढे १९६३ मध्ये त्यांनी आणि डॉ. विनेकरांनी योगोपचारावर लिहिलेले पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने छापले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी पट्टे, ठोकळे, उशा, दोर, साधी घडीची खुर्ची असे सगळे आसनाच्या सेवेला जुंपले, की ज्याचे अंग वळत नाही त्यालाही आसनाचा लाभ व्हावा. ती खुर्ची वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

नवस आणि संकल्प

आता ध्येयाचे पाहू. योग सुरू करणाऱ्या दहा जणांना विचारा की कशासाठी करता. ‘शुगर जाऊ दे’, ‘बीपीची गोळी सुटू दे’, ‘गुडघा पहिल्यासारखा होऊ दे’ अशी उत्तरे येतात. माझ्या मते हे ध्येय नव्हे, हा नवस झाला. नवसात आपण देवाला सांगतो की अमुक झाले तर मी तमुक करीन. मग तीन महिन्यांनी गोळी सुटली नाही की योग सुटतो! नवसाची निंदा मी करत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण औषध म्हणून जो योग करायचा, त्याला नवसाची भाषा उपयोगी पडत नाही. त्याला संकल्प लागतो.

आपण पूजेला बसतो तेव्हा गुरुजी संकल्प सोडायला लावतात. पळीभर पाणी ताम्हनात सोडून आपण मोकळे होतो, अर्थाकडे लक्ष देत नाही. पण त्या संकल्पाची घडण पाहण्यासारखी आहे. त्यात देश येतो, म्हणजे हे कर्म मी कुठे करतो आहे. काळ येतो, संवत्सरापासून तिथी-वारापर्यंत. मग करणारा कोण, त्याचे गोत्र आणि नाव. कशासाठी करतो आहे तो हेतू. शेवटी प्रत्यक्ष कोणते कर्म करणार ते. आणि वर ‘यथाशक्ति’. बँकेत कर्जाच्या अर्जाला सुद्धा इतके रकाने नीट भरलेले आम्ही क्वचित पाहिले!

योगोपचाराचा संकल्प याच साच्यात बसवता येतो. देश म्हणजे घरातली कोणती जागा, जमिनीवर सतरंजी की कॉट की खुर्ची, धरायला भिंत आहे की नाही. काळ म्हणजे कोणत्या तिथीपासून कोणत्या तिथीपर्यंत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी. कर्ता म्हणजे वय, आजार, चालू गोळ्या, झालेली ऑपरेशने, यांतले काहीही न लपवता. हेतू म्हणजे रोजच्या जगण्यातली एखादी करता न येणारी गोष्ट. कर्म म्हणजे कोणती हालचाल, किती वेळा, किती मिनिटे.

हेतूचा रकाना सर्वांत अवघड. ‘तब्येत सुधारावी’ असे तिथे लिहून चालत नाही, कारण ती सुधारली की नाही हे तपासायचे कशाने? माझ्या कंबरेच्या बाबतीत शिक्षिकांनी विचारले, ‘काका, कंबर दुखते म्हणून तुमचं काय अडतं?’ मी सांगितले, संध्याकाळच्या आरतीला मला शेवटपर्यंत उभे राहता येत नाही, मध्येच खांबाला टेकावे लागते. झाले, हाच हेतू ठरला. आरती साधारण वीस मिनिटे चालते. मी आठ मिनिटे उभा राहू शकत होतो. आठाचे वीस करायचे. डोळ्यांनी दिसणारे आणि घड्याळाने मोजता येणारे.

रक्तदाबाचा किंवा साखरेचा आकडा हेतूच्या रकान्यात लिहू नये असे आमच्या डॉक्टरांचे म्हणणे आहे आणि ते मला पटते. आकडा टिपून ठेवावा, डॉक्टरांना दाखवावा, गोळी कमी करायची की नाही हे त्यांनी ठरवावे. रोज वीस मिनिटे अभ्यास करणे माझ्या हातात आहे, आकडा किती यावा हे पूर्णपणे माझ्या हातात नाही. जे हातात आहे त्याचाच संकल्प सोडता येतो. योग सुरू केला म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे हा तर जिवाशी खेळ आहे. असे करणारे आपल्या मंदिरातच मला दोन-तीन भेटले आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

आरंभीची शिल्लक

खाते उघडताना आरंभीची शिल्लक लिहावी लागते. ती लिहिली नाही तर वर्षअखेरीस ताळा कशाशी करणार? योगोपचारातही पहिल्या दिवशी काही गोष्टी मोजून ठेवाव्यात. दुखणे शून्य ते दहा यांत किती. एका जागी किती मिनिटे बसता येते, किती मिनिटे उभे राहता येते. हात न टेकता खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठून बसता येते. पायांची ताकद समजायला ही सोपी कसोटी आहे, डॉक्टरही वापरतात. मात्र खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि जवळ कोणीतरी उभे राहू द्या. रक्तदाब घरी मोजत असाल तर पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीवर ठेवून, रोज एकाच वेळी मोजा. चहा घेतल्या घेतल्या किंवा जिना चढून आल्याबरोबर घेतलेला आकडा खरा नसतो.

याच वेळी ‘काय करायचे नाही’ हेही लिहून घ्यायचे. आमच्या शिक्षिका ही यादी आधी करतात, आसनांची नंतर. काचबिंदू असलेल्याने डोके खाली आणि पाय वर अशी आसने करू नयेत, डोळ्यातला दाब वाढतो. रक्तदाब ताब्यात नसेल त्यानेही ती करू नयेत, आणि श्वास कोंडून धरू नये. म्हणजे कुंभक नाही, जोरजोरात भस्त्रिका-कपालभाती नाही. हर्निया असलेल्यांनी कपालभातीपासून लांब राहावे. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असेल (आपल्या भगिनीवर्गात हे फार आहे) तर पाठीची कमान करून पुढे वाकणे आणि जोराने पीळ देणे टाळावे, मणका दबण्याची भीती असते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर अनशापोटी भरपूर व्यायाम करू नये आणि दोन चमचे साखर हाताशी ठेवावी. मोतीबिंदूचे किंवा सांध्याचे ऑपरेशन झाले असेल तर कधीपासून आणि काय, हे त्या सर्जनलाच विचारावे. करताना छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टर गाठायचा. कंबरदुखीत पायाची ताकद जायला लागली किंवा लघवीवरचा ताबा गेल्यासारखे वाटले तर तो योगाचा विषयच राहत नाही, त्याच दिवशी दवाखाना.

कंबरदुखीवरून आठवले. २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिकडच्या डॉक्टरांच्या मोठ्या संस्थेने जुनाट कंबरदुखीसाठी आधी औषधाविना करायचे जे उपाय सुचवले, त्यांत व्यायामाबरोबर योगही होता. आपल्याकडच्या गोष्टीला परदेशातून शिक्का आला की मगच आपण मानतो, हा भाग वेगळा.

इथे एक गंमत सांगतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ मोबाइलवर रोज नवा व्हिडिओ पाहून नवे आसन करतात. समजावले तर म्हणतात, ‘अवधूताने चोवीस गुरू केले, त्यात मधमाशी होती. सगळ्या फुलांतलं थोडं थोडं घ्यावं!’ वाद घालायला माणूस मोठा हुशार. भागवताच्या एकादश स्कंधात तो दृष्टांत आहे खरा, पण तो लहान-मोठ्या शास्त्रांतले सार घेण्याबद्दल आहे. चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतली एकेक गोळी घेण्याबद्दल नाही. त्याच चोवीसांत बाण करणारा कारागीरही आहे. शेजारून राजाची मिरवणूक गेली तरी त्याला कळली नाही, इतका तो हातातल्या एका बाणात गुंतला होता. योगोपचार करणाऱ्याने गुरू करायचा तर त्याला करावा.

सप्ताहाची वाटणी

आखणी कशी करावी हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. गुरुचरित्राचा सप्ताह पाहा. पहिल्या दिवशी नवव्या अध्यायाअखेर थांबायचे, दुसऱ्या दिवशी एकविसाव्या, मग एकोणतिसाव्या, पस्तिसाव्या, अडतिसाव्या, त्रेचाळिसाव्या आणि सातव्या दिवशी समाप्ती. ही वाटणी समान नाही. दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आहेत आणि पाचव्या दिवशी फक्त तीन. का, तर छत्तिसावा अध्याय एकटाच केवढा मोठा आहे! ज्याने वाटणी केली त्याने अध्याय मोजले नाहीत, भार मोजला. आणि आज उत्साह आहे म्हणून कोणी दोन दिवसांचे वाचन एका दिवसात उरकत नाही. ठरल्या जागी थांबायचे म्हणजे थांबायचेच. योगोपचाराच्या आखणीत हे दोन नियम पाळले तरी निम्मे काम झाले.

आता सौ.च्या गुडघ्याचे सविस्तर सांगतो, म्हणजे आखणी प्रत्यक्षात कशी होते ते समजेल. तिचे वय त्रेसष्ट. दोन्ही गुडघ्यांची झीज, उजवा जास्त. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितले की ऑपरेशनची घाई नाही, मांडीचे स्नायू बळकट करा, वजन थोडे उतरवा, आणि मांडी घालणे, उकिडवे बसणे, वज्रासन हे सोडा. तिची इच्छा एकच होती, दत्तजयंतीच्या सप्ताहाला पूर्वीसारखे मांडी घालून पारायणाला बसायचे. आदल्या वर्षी तिला बसता आले नव्हते. सात दिवस ती मागच्या खोलीत स्वयंपाक करत राहिली आणि वाचनाचा आवाज ऐकत राहिली. ती काही बोलली नाही, पण पस्तीस वर्षांच्या संसारात न बोललेले कळते.

शिक्षिकांनी पहिला प्रश्न विचारला, पारायणातला सर्वांत लांब अध्याय वाचायला किती वेळ लागतो? आम्ही घरी घड्याळ लावून पाहिले. छत्तिसाव्याला तिच्या वाचनाच्या गतीने सव्वा तास. अध्याय संपल्याशिवाय उठायचे नाही असा आमच्याकडे दंडक. म्हणजे सव्वा तास एका जागी बसता आले पाहिजे. त्या वेळी खुर्चीवर सुद्धा वीस मिनिटांत गुडघा आखडत होता. दुखणे दहापैकी सहा. अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून सात वेळा उठणे. मंदिराच्या चौदा पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून, मध्ये दोनदा थांबणे. ही झाली आरंभीची शिल्लक.

मग मांडीचा प्रश्न निघाला. शिक्षिका स्पष्ट म्हणाल्या, मांडी घालणं आपल्या आखणीत येणार नाही, गुडघ्याचं नुकसान होईल. सौ.चे डोळे भरून आले. खुर्चीवर बसून पोथी वाचायची हे तिला देवासमोर पाय सोडून बसल्यासारखे वाटत होते. मंदिरातल्या गुरुजींना मी जाऊन विचारले. ते म्हणाले, ‘पतंजलींनी आसन कशाला म्हटलंय? स्थिर आणि सुखाचं असेल ते. गुडघा ठणकतोय आणि लक्ष ओवीऐवजी गुडघ्याकडे आहे, ते कसलं आसन? वहिनींना खुर्चीवर बसू द्या, पोथी मात्र उंचावर ठेवा.’ ज्यांना हा प्रश्न पडत असेल त्या सर्व वडीलधाऱ्यांसाठी गुरुजींचे हे उत्तर मुद्दाम छापायला देत आहे.

हेतू ठरला : मार्गशीर्ष शुद्ध नवमीला सप्ताह सुरू होतो, तोपर्यंत खुर्चीवर सव्वा तास बसता यावे आणि चौदा पायऱ्या न थांबता चढता याव्यात. सुरुवात अनंत चतुर्दशीला सकाळी केली. पितृपक्षात नवे काही सुरू करू नये म्हणणारे घरात असतातच, म्हणून त्याआधीचा दिवस. मध्ये कोजागरी, मग त्रिपुरी, मग दत्तजयंती. प्रत्येक पौर्णिमेला पुन्हा मोजायचे आणि पुढच्या महिन्याची आखणी त्यावरून करायची. पौर्णिमा कोणी विसरत नाही, कॅलेंडरवर खूण करायला नको.

पहिला महिना सगळे झोपून. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडीचा स्नायू आवळायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. एक गुडघा वाकवून दुसरा पाय सरळ ठेवून फूटभर उचलायचा. घोट्याची हालचाल. सेतुबंधासन, पण पाठ जेमतेम उचलली जाईल इतकेच. शेवटी शवासन, गुडघ्यांखाली उशी घेऊन. प्रत्येक प्रकार पाच वेळा, मग हळूहळू दहा. श्वास कुठेही धरायचा नाही. सगळे मिळून वीस मिनिटे, आठवड्यातून सहा दिवस, रविवारी सुट्टी. पाहणाऱ्याला वाटावे, हा काय योग! शेजारच्या बाईंनी तसे बोलूनही दाखवले.

दुसऱ्या महिन्यात उभे राहणे आले. भिंतीजवळ ताडासन, एका पायाचा फक्त अंगठा टेकवून, भिंतीला धरून वृक्षासनाची पूर्वतयारी, खुर्चीवर जाड उशी ठेवून उठबस, म्हणजे गुडघा फार वाकत नाही. पाच मिनिटे अनुलोम-विलोम, कुंभकाशिवाय. तिसऱ्या महिन्यात सर्वांत खालच्या पायरीवर चढ-उतार, आणि बसण्याची वेळ वाढवणे. सप्ताहाच्या आधीचे चार दिवस सगळे निम्मे, कारण त्या दिवसांत घरात कामे वाढतात.

एक मोजमाप शिक्षिकांनी दिले ते सर्वांना उपयोगी आहे. अभ्यासानंतर थोडे दुखले तर घाबरायचे नाही. पण वाढलेले दुखणे दोन तासांनंतरही उतरले नाही, तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करायचे. वहीत त्यासाठी वेगळा रकाना केला.

कागदावर जशी आखणी होती तसे सगळे झाले, असे मात्र नाही. कोजागरीला मोजले तेव्हा बसणे वीसवरून तीस व्हायला हवे होते, झाले पंचवीस. दिवाळीत फराळासाठी तासन्‌तास ओट्याशी उभे राहून गुडघा सुजला, आठ दिवस फक्त झोपून करायचे प्रकार केले. पुढे तिची ओढ अशी की बुडाले ते भरून काढावे, दोन्ही वेळा करावे. तिथे मात्र माझी बँक मध्ये आली. रिकरिंगचा हप्ता चुकला तर आम्ही तो दंडासह भरून घेत असू. योगात थकबाकी भरायची नसते. जो दिवस गेला तो गेला, उद्याचा हप्ता उद्याच्या इतकाच, आणि आठवडाभर खंड पडला असेल तर उलट थोडा कमीच. हठयोगप्रदीपिकेत योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टी दिल्या आहेत, त्यांत अतिश्रम आहे आणि नियमाग्रह आहे. नियमाग्रह म्हणजे नियमाचा हट्ट, असा अर्थ पुष्कळ जण करतात. आपल्या पिढीला या दुसऱ्याचा धोका अधिक, कारण आपण उपास सुद्धा हट्टाने करतो.

त्रिपुरीला बसणे चाळीस मिनिटांवर आले. नवमी तीन आठवड्यांवर. सव्वा तास होणार नाही हे दिसत होते. शिक्षिकांनी तारीख किंवा हेतू न बदलता बसण्याची पद्धत बदलली. दर पंधरा मिनिटांनी, खुर्चीवर बसल्या बसल्या, एकेक पाय पुढे सरळ करायचा, पाऊल स्वतःकडे ओढायचे, पाच मोजून खाली ठेवायचा. वाचन थांबवायचे नाही. हे तिने घरी पोथीऐवजी हरिपाठ समोर ठेवून पक्के केले.

सप्ताहात तिचे बसणे सातही दिवस झाले. पाचव्या दिवशी छत्तिसावा अध्याय लागला तेव्हा मी मागे भिंतीला टेकून घड्याळ पाहत होतो, ती पाहत नव्हती. साडीच्या निऱ्यांखाली पाय पुढे येऊन मागे जाताना मला तेवढा दिसे. अध्याय संपल्यावर ती उठली, खोलीत चार पावले चालली आणि पुन्हा बसली. पायऱ्या आता न थांबता चढते, पण कठड्याला धरूनच, आणि कठडा सोडायचा हेतू आम्ही ठेवलेलाही नाही. दुखणे तीनवर आहे, शून्य झालेले नाही. डॉक्टर म्हणतात झीज आहे तेवढी राहणार. मांडी घालणे कायमचे गेले.

माझे आठाचे वीस व्हायला पाच महिने लागले. माझी आखणी तिच्याहून अगदी निराळी आहे. मला मकरासन, भुजंगासन थोडे, आणि पुढे वाकणे वर्ज्य. तिला पुढे वाकायला हरकत नाही पण गुडघे टेकून काही नाही. एका घरात, एका सतरंजीवर, दोन वेगळी चिठ्ठ्यांची औषधे. म्हणून हा लेख वाचून कोणी सौ.चे व्यायाम जसेच्या तसे उचलू नयेत. गुडघा सगळ्यांचा दुखतो, पण एकाच कारणाने नाही.

मार्गदर्शक निवडताना एवढे पाहावे : तो पहिल्याच दिवशी आसने करायला लावतो की आधी तुमचे रिपोर्ट आणि गोळ्या विचारतो? शिकवणारा योगशिक्षक आणि उपचार करणारा योगोपचारक यांचे शिक्षण वेगवेगळे असते, हे विचारायला संकोच करू नये. ‘सगळं बरं होईल, औषधं फेकून द्या’ असे जो म्हणेल त्याला दुरून नमस्कार.

हा अंक तुमच्या हाती दत्तजयंतीला पडेल. आजपासून सुरुवात करायची तर पौषातली शाकंभरी पौर्णिमा, माघी पौर्णिमा आणि होळी अशा तीन पौर्णिमा पुढे आहेत. ज्यांना गुरुप्रतिपदेला वाडीला किंवा गाणगापूरला जायचे आहे त्यांना दोनच महिने मिळतात, माघ वद्य प्रतिपदेच्या आत. त्यांनी हेतू तसा लहान धरावा. घाटाच्या पायऱ्या उतरणे आणि चढणे, एवढाच पुरे. गिरनारचा बेत असणाऱ्यांनी तर सावकाश घ्यावे. २०२० पासून रोपवे झाला असला तरी तो अंबाजीपर्यंतच नेतो, गुरुशिखरापर्यंत पुढच्या पायऱ्या आपल्याच पायांनी चढाव्या आणि उतराव्या लागतात. उतरताना गुडघ्यावर भार अधिक येतो. थंडीच्या दिवसांत काकड आरतीच्या वेळी अंग आखडलेले असते, तेव्हा अभ्यास जरा ऊन आल्यावर करावा. पोटभर जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत.

वहीचे रकाने आम्ही असे आखले आहेत : तिथी, वेळ, किती मिनिटे, काय केले, दुखणे आधी, दुखणे नंतर, दोन तासांनी, रात्रीची झोप, आणि शेवटी शेरा. शेरा एका ओळीत. वही शंभर पानी घ्यावी. उजव्या पानावर तिचे आणि डाव्या पानावर माझे, अशी आमची तिसरी वही चालू आहे.